खाडीच्या रुंदीएवढी

या काठापासून त्या काठापर्यंत बावीस मिनिटं,
वारा दक्षिणेचा असेल तर सव्वीस.
तिकिटं फाडून झाली, ट्रकच्या चाकांना पाचरी लागल्या
की मला पंधरा मिनिटं उरतात
इंजिनघराच्या भिंतीला पाठ टेकून, उबेत.
आधी मी त्यात मोजे विणायची.

मग डोमितिलाबाई शाळेतून निवृत्त झाल्या,
आमचं बेट सोडताना
बटाट्याच्या पोत्यावर एक पुस्तक ठेवून गेल्या.
म्हणाल्या, एर्मिंदा, यातल्या गोष्टी लहान आहेत,
तुझ्या खाडीत मावतील.

पहिली वाचली आणि चिडले.
एक माणूस भावाकडून नेलेली करवत
नऊ वर्षांनी परत द्यायला येतो.
कुंपणाशी थांबतो. कोंबड्या मोजतो.
दारापाशी जाऊन बुटांचा चिखल पुसतो,
पुसत राहतो,
आणि पुढे कोरा कागद.
पानं चिकटली असतील म्हणून नखानं उकरून पाहिलं,
खाऱ्या हवेत चिकटतात.
नव्हती चिकटली.
दार उघडलं का? भाऊ काय म्हणाला?
होता तरी का भाऊ?
सुफळ नाही, संपूर्ण नाही,
ही काय गोष्ट झाली?
तेवढ्यात धक्का आला, साखळी सोडायची होती.

रात्री बटाटे किसताना आठवलं:
चिखल तर कधीच निघाला होता.
लेखकानं तसं लिहिलंय, साध्या चार शब्दांत.
तरी तो पुसत होता.
माझा हात किसणीवर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या फेरीत तीच पुन्हा वाचली,
या वेळी करवतीवर नजर ठेवून.
तिला तेल लावलेलं होतं. दाते नवे घासलेले.
काल हे वाक्य मी
कुणाला तरी सुट्टे पैसे देता देता ओलांडलं होतं.

एलादियो दोरखंड गुंडाळत होता.
म्हणाला, काय आहे त्यात, थोडक्यात सांग.
सांगितलं: एक माणूस, एक करवत, एक दार.
म्हणाला, मग?
मग कोंबड्या घालाव्या लागल्या.
मग तेल. मग नऊ वर्षं कशी गेली ते,
मग तो निघालेला चिखल.
शेवटाला आले तेव्हा समोरचा काठ आला होता.
थोडक्यात सांगायला गेले
आणि गोष्टीएवढीच गोष्ट झाली,
वगळण्यासारखं काही सापडेना.

एलादियो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, माझ्याकडेपण आहे एक.
करवत नाही. जाळं.
कुणाचं, ते मी विचारलं नाही.
एरवी विचारलं असतं.

फेब्रुवारीत ओयार्सोंचं घर हललं.
बैलांनी ओढून पाण्यापर्यंत आणलं,
पिंपं बांधून सोडलं समुद्रात,
दोन होड्या पुढे, आख्खा गाव काठावर ओरडत.
आमच्या फेरीच्या अगदी बाजूनं गेलं ते,
लाकडी खवल्यांचं, पिवळं, जरासं कललेलं,
खिडकीत पडदा तसाच.
प्रवासी फोटो काढत होते.
मी मात्र त्या पडद्याकडे बघत राहिले.
पाया मागे राहिला, अंगण राहिलं, सफरचंदाचं झाड राहिलं,
आणि घर तेवढं माझ्यासमोरून चाललंय.
कुठून निघालं, कुठे लागेल, मला दिसायचं नाही.
दिसलं तेवढ्यात कुणीतरी राहत होतं.

पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत
बाईंनी पेन्सिलीनं आकडे लिहिलेत.
मला वाटायचं, मुलांना दिलेले गुण.
बारा. चौदा. नऊ. पुन्हा चौदा.
परवा घड्याळ लावून वाचली तेव्हा कळलं.
एकीपुढे लिहिलंय, वारा असेल त्या दिवशी.
शेवटचीपुढे आकडा नाही.
ही बोटीवर नको, असं आहे,
धक्क्यावर वाच. बोट जाऊ दे.

आज माझी सुट्टी.
खिडकीत नवी मुलगी आहे, तिनं मला ओळखलं नाही,
तिकिटाचे पैसे घेतले.
एलादियोनं साखळी हातात धरून
दोनदा माझ्याकडे पाहिलं.
मी पान उलटलं.